खाली बसवलेली गाडी आणि मागची फेंगडी चाकं

भाच्याने गाडी ड्राइव्हवेत उभी केली, उतरून दहा पावलं मागे गेला आणि मला हाक मारली. "मामा, इथून बघ." बघितलं, तर मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली आणि खालून फाकलेली. डोक्यावर पोतं घेऊन, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या हमालासारखी. त्याला ते झकास वाटत होतं.

मी गुडघ्यावर बसून डाव्या मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. बाहेरून टायर धडधाकट होता, आतल्या कडेची नक्षी मात्र जवळजवळ सपाट झालेली. शिवाय हात एका दिशेने फिरवला की अलगद सरकत होता आणि उलट फिरवला की बोटांना करवतीच्या दातांसारखं लागत होतं. "टायर कधी घातलेस?" विचारल्यावर तो जरा घुटमळला. वर्षही झालं नव्हतं.

हे करवतीचे दात लक्षात ठेवा. चाक नुसतं वरून आत झुकलेलं असेल तर टायर आतल्या कडेला झिजतो, पण गुळगुळीत झिजतो. दात येतात ते चाक तिरकं धरून रस्त्यावर फरफटवलं की. खाली बसवलेल्या गाडीचं झुकलेलं चाक सगळ्यांना दिसतं, त्यावर सगळे बोलतात. टायर खाणारा खरा चोर मात्र वेगळाच असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

गाडी होती २००४ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, चारही चाकांना ताकद देणारी. आम्ही राहतो न्यू जर्सीत. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ ओततात, ते या गोष्टीत पुढे येणारच आहे. भाच्याने जुन्या मालकाकडून घेतली तेव्हाच तिच्यात आखूड स्प्रिंगा होत्या आणि मागची बाजू मूळ उंचीपेक्षा साधारण सव्वा इंच खाली होती. (सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका नक्षत्र. गाडीच्या बिल्ल्यात सहा चांदण्या आहेत, आपल्या कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा कृत्तिकांइतक्याच. भाच्याला हे सांगितल्यावर तो गाडीकडे जरा आदराने बघायला लागला, पण टायरकडे नाही.)

आता दोन शब्द समजून घेऊ, कँबर आणि टो.

गवंडी भिंत उभी आहे का बघायला ओळंबा सोडतो, तसाच ओळंबा चाकाच्या शेजारी सोडायचा. चाक ओळंब्याच्या रेषेत असेल तर कँबर शून्य. वरची कड गाडीच्या आत झुकली तर ऋण कँबर, बाहेर झुकली तर धन. बहुतेक गाड्यांना कंपनीच मागे थोडा ऋण कँबर ठेवते, कारण वळणावर गाडी बाहेर कलली की बाहेरचं चाक सरळ होऊन पूर्ण रुंदीने रस्ता धरतं. म्हणजे झुकणं हा मुळात दोष नाही, प्रश्न फक्त किती झुकावं याचा.

टो वरून बघायचा, घिरट्या घालणाऱ्या घारीला दिसेल तसा. माणूस चालताना चवडे आत वळवून चालतो किंवा बाहेर फेकून चालतो, तसंच चाकांचं. दोन्ही चाकांची पुढची बाजू आत वळली तर टो-इन, बाहेर वळली तर टो-आउट. हा कोन इतका बारीक असतो की उभ्या गाडीकडे बघून कळतच नाही. कँबर दोन अंश बिघडला तर शेजारच्या आजीलाही दिसेल. टो पाव अंशाने बिघडला तर मेकॅनिकलाही दिसणार नाही.

आणि तरी टायर खातो तो टोच. हिशेब सोपा आहे. चाक जायला हवं त्या दिशेपासून ०.३ अंश तिरकं बसलं असेल, तर दर किलोमीटरमागे त्याला साधारण सव्वापाच मीटर आडवं जावंसं वाटतं. गाडी काही त्याला आडवं जाऊ देत नाही. मग तो आडवा हट्ट टायरचं रबर दर फेऱ्याला ताणून, घासून जिरवला जातो. रबर थोडं लवचीक असतं, म्हणून सगळे सव्वापाच मीटर काही घसट होत नाहीत. पण जी होते ती अखंड चालू असते, सरळ रस्त्यावर, क्रूझ कंट्रोल लावून गाणी ऐकत असतानासुद्धा. त्यात चाक वरून आत झुकलेलं असेल तर वजन आतल्या कडेवर जास्त पडतं आणि ही सगळी घसट त्या चार बोटांच्या पट्टीवर येते. कँबर जागा ठरवतो, टो झीज करतो.

मग गाडी खाली केली की हे कोन बिघडतातच का? बैलगाडीला आख असतो. दोन्ही चाकं एकाच आखात, त्यामुळे गाडीचं साटं उंच असो की ठेंगणं, चाकं एकमेकांशी त्याच कोनात राहतात. या मोटारीत प्रत्येक मागचं चाक स्वतंत्रपणे टांगलेलं असतं. डब्ल्यूआरएक्समध्ये मागच्या प्रत्येक चाकाला एक उभा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), गाडीच्या मध्यातून आडव्या आलेल्या दोन दांड्या (त्यांना लॅटरल लिंक म्हणतात, एक चाकाच्या मध्याच्या पुढे आणि एक मागे) आणि पुढच्या बाजूने आलेली एक ट्रेलिंग लिंक असते. लॅटरल लिंक चाकाचा खालचा भाग आत-बाहेर धरून ठेवतात, स्ट्रट वरचा भाग सांभाळतो आणि ट्रेलिंग लिंक चाकाला पुढे-मागे पळू देत नाही.

झोपाळ्याची फळी सरळ रेषेत हलत नाही, कमानीत हलते. लॅटरल लिंकचं बाहेरचं टोकही तसंच. समजा लिंक ४०० मिलिमीटर लांब आहे आणि मूळ उंचीला तिचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा ६० मिलिमीटर खाली लोंबतंय. आडवी पोच भरते साधारण ३९५.५ मिलिमीटर. गाडी ३० मिलिमीटर खाली केली, म्हणजे गाडीच्या हिशेबाने चाक तेवढं वर आलं, तर पोच होते जवळपास ३९९. चाकाचा खालचा भाग साडेतीन मिलिमीटर बाहेर ढकलला गेला. वरचा भाग स्ट्रटने जखडलेला, मग चाक फाकणार नाही तर काय करणार? त्याच लिंकला तिथून आणखी ३० मिलिमीटर उचललं तर पोच जेमतेम एक मिलिमीटरने वाढते, कारण आता ती आडवी होत आलेली असते. म्हणून गाडी पहिल्यांदा खाली करताना कोन झपाट्याने बदलतात आणि पुढे तो वेग मंदावतो. कुणी "अर्ध्या इंचाला इतके अंश" असा सरसकट भाव सांगितला तर त्यावर विसंबू नका, प्रत्येक गाडीची कमान वेगळी.

टोचं काय? कागदावर दोन्ही लॅटरल लिंक एकसारख्या लांब आणि समांतर असतील तर चाक वर-खाली होताना टो बदलायला नको. प्रत्यक्षात ट्रेलिंग लिंक स्वतःच्या वेगळ्याच कमानीत चाकाला ओढते, रबरी बुश (लिंकच्या टोकाच्या सांध्यात बसवलेली रबरं) पिळली जातात आणि वीस वर्षांच्या गाडीत प्रत्येक बुश आपल्या मनाप्रमाणे सैल पडलेलं असतं. डावीकडचं एक, उजवीकडचं दुसरंच.

जाता जाता एक गंमत. खाली केलेली गाडी वळणावर कमी कलते असं सगळे धरून चालतात. स्ट्रटच्या गाडीत लिंक आडव्या झाल्या की ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलायला लांब तरफ मिळते. कडक स्प्रिंगा हे झाकून टाकतात इतकंच.

मुख्य मुद्दा आता येतो, कारण ही चारही चाकांवर चालणारी गाडी आहे. टायर झिजला तर टायर बदलू, त्यात एवढं काय? नुसत्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खरंच फारसं काही नाही. मागचे टायर तिथे फक्त मागोमाग फरफटत येणारे. डब्ल्यूआरएक्सच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीच्या मध्ये एक सेंटर डिफरन्शिअल (दोन्ही जोड्यांना ताकद वाटून वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी यंत्रणा) बसलेलं आहे आणि त्याला व्हिस्कस कपलिंग जोडलेलं आहे. कपलिंग म्हणजे दाट सिलिकॉनच्या द्रवात बुडवलेल्या पातळ चकत्यांचे आळीपाळीने रचलेले दोन संच. पुढची आणि मागची जोडी एकाच वेगाने फिरत असेल तर चकत्या निवांत. एक जोडी घसरून जास्त फिरायला लागली की द्रव घुसळला जातो, तापतो, अडवतो आणि ताकद दुसऱ्या जोडीकडे जाते. बर्फात हे वरदान आहे. पण ते थोडा वेळ करायचं काम आहे, दिवसभर करायचं नव्हे.

टायरची नक्षी एक मिलिमीटर झिजली की त्याचा घेर साधारण ६.३ मिलिमीटरने कमी होतो (एक मिलिमीटर गुणिले दोन पाय). सुबारूचं सांगणं आहे की चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे ६.४ मिलिमीटरहून, जास्त फरक नको. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. नक्षीत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, तिथेच मर्यादा संपली.

भाच्याच्या मागच्या टायरांची नक्षी सरासरी काढली तर पुढच्यांपेक्षा तीन मिलिमीटर कमी भरली. त्याच्या २०५/५५ आर १६ टायरचा घेर सुमारे १९८५ मिलिमीटर. तीन मिलिमीटर नक्षीने घेर जवळपास एक टक्का कमी होतो. ढोबळ हिशेबाने शंभर किलोमीटरच्या प्रवासात मागची चाकं पुढच्यांपेक्षा पावणेपाचशेच्या आसपास फेरे जास्त मारतात, आणि ते सगळे फेरे त्या कपलिंगच्या द्रवात घुसळले जातात. हायवेवर, उन्हाळ्यात, तासन् तास. टो पाव अंशाने चुकला आणि बिल आलं गिअरबॉक्सचं, असं होतं ते यामुळे. हे सांगितल्यावर भाचा पहिल्यांदा गप्प झाला.

मोजमाप आम्ही घरीच केलं. चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंटच्या मशिनवर नेण्याआधी गाडी नेमकी कुठे बिघडली आहे ते आपल्याला माहीत असलं की पुढे कुणी आपल्याला उल्लू बनवू शकत नाही, म्हणून.

गॅरेजची फरशी लेव्हल ट्यूबने तपासली. टायरांत बरोबर हवा भरली, डिकीतला पसारा काढला आणि चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी लिहून घेतली. गाडी जॅकवरून उतरवल्यावर चाकं खालून आत ओढलेल्या अवस्थेत अडकून बसतात, म्हणून ती थोडी पुढे-मागे ढकलून बसू दिली. मग चार स्टँडना नायलॉनची दोरी ताणून गाडीच्या दोन्ही अंगांना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन रेषा केल्या, गवंडी विटांचा थर धरताना ताणतो तशाच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं रुंदीचं अंतर सारखं असतंच असं नाही, त्यामुळे दोरी चाकाला चिकटवायची नाही. चारही चाकांच्या मध्यापासूनची अंतरं मोजून दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर करायच्या. यातच तास गेला. भाचा तोवर दोनदा दोरीला अडखळला.

मग पोलादी पट्टी घेऊन रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर आणि मागच्या कडेपासूनचं अंतर मोजलं. रिमची कड ते कड सुमारे ४३० मिलिमीटर, त्यावर दोन्ही अंतरांत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.१३ अंश. डाव्या चाकाचा फरक भरला सव्वादोन मिलिमीटर, पुढची कड बाहेर. म्हणजे ०.३ अंश टो-आउट. उजव्याचा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, तोही बाहेरच, साधारण ०.०५ अंश. ओळंब्याने कँबर बघितला तर डावीकडे रिमची वरची कड १५ मिलिमीटर आत, म्हणजे उणे दोन अंश. उजवीकडे १३, म्हणजे उणे पावणेदोनच्या जरा आत.

या आकड्यांनी एक जुनं कोडंही सुटलं. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेलं राहायचं आणि भाच्याने दोनदा पैसे मोजून पुढचं अलाइनमेंट करून घेतलं होतं. मागचं डावं चाक ०.३ अंश डावीकडे बघतंय, उजवं ०.०५ अंश उजवीकडे. दोघांची बेरीज-वजाबाकी करून अर्धे केले की मागची जोडी मिळून गाडीला एक अष्टमांश अंशाने डावीकडे ढकलते, ०.१२५. याला थ्रस्ट अँगल म्हणतात. मग गाडी खेकड्यासारखी अंग तिरकं करून चालते आणि सरळ जायला पुढची चाकं तेवढीच डावीकडे धरावी लागतात. स्टिअरिंग चाकांपेक्षा सोळा पट फिरतं असं धरलं तर हातात तो तिरपेपणा दोन अंशांचा होतो. पुढची चाकं कितीही निगुतीने लावली तरी दोष मागे असताना काय उपयोग? आपल्याकडे रस्त्याकडेच्या अलाइनमेंटवाल्याला पुढचंच बघायची सवय असते, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत मागे एकसंध बीम असतो आणि तिथे फिरवायला काही नसतंच. स्वतंत्र लिंकच्या गाडीत ती सवय महागात पडते.

आता दुरुस्ती. सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय भाच्याला आवडला नाही: मूळ स्प्रिंगा परत घालणं. मी सुचवला, त्याने न ऐकल्यासारखं केलं, पुढे गेलो.

टोसाठी कंपनीने सोय दिलेली आहे. मागच्या लॅटरल लिंकच्या आतल्या टोकाला जो बोल्ट आहे तो एक्सेंट्रिक असतो, म्हणजे त्याच्या चकतीचं भोक मध्यात नसून एका बाजूला असतं. बोल्ट फिरवला की लिंक आत किंवा बाहेर सरकते. मागची लिंक बाहेर ढकलली की चाकाची मागची बाजू बाहेर जाते, अर्थात पुढची आत, म्हणजे टो-इन. आत ओढली तर टो-आउट. हे एकदा उंबऱ्यावर दार उघडझाप करून बघितलं की डोक्यात पक्कं बसतं.

कँबरसाठी मात्र मागे कंपनीने काहीच ठेवलेलं नाही. पुढच्या स्ट्रटच्या वरच्या बोल्टला तशी चकती आहे, मागे नाही. दोन वाटा आहेत. स्ट्रट आणि चाकाचा सांगाडा जिथे दोन बोल्टांनी जोडलेले असतात तिथला एक बोल्ट काढून बाजारातला कँबर बोल्ट घालायचा. त्याचा मधला भाग एका बाजूला फुगीर असल्याने फिरवला की चाकाचा वरचा भाग बाहेर झुकतो. दुसरी वाट म्हणजे लांबी बदलता येणाऱ्या लॅटरल लिंक घालायच्या आणि दोन्ही सारख्याच आखूड करायच्या, म्हणजे चाकाचा खालचा भाग आत येतो. एकच आखूड केली तर कँबरऐवजी टो बिघडेल. लिंकची वाट जास्त मजबूत, पण खर्चाची. आम्हाला पाऊण अंशाच्या आतच काम होतं, कँबर बोल्टने भागलं. फक्त तो मूळ बोल्टपेक्षा मधे बारीक असतो, सांगितलेल्या टॉर्कपेक्षा (पाना पिळायच्या ठरलेल्या जोरापेक्षा) सैल राहिला तर खड्ड्याच्या एका धक्क्यात सरकतो. घट्ट केल्यावर मी बोल्टच्या डोक्यावरून सांगाड्यापर्यंत पिवळ्या पेंटची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, महाशय हलले.

हे सगळं लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कागदावरचं काम झालं असतं. खरं काम गंजाशी होतं. रस्त्यावरचं मीठ वीस हिवाळे बुशच्या आतल्या लोखंडी नळीत शिरलेलं. एक्सेंट्रिक बोल्ट आणि ती नळी एकजीव झालेले. नट सुटला, पण बोल्ट फिरवायला गेलो की त्याच्याबरोबर नळी फिरायची आणि तिच्याबरोबर रबर पिळवटायचं. सोडलं की पुन्हा जागच्या जागी. सुबारूवाल्यांना हे दुखणं पाठ असतं. चाकाच्या बाजूला दोन्ही लिंकांतून आरपार जाणारा एक लांब बोल्ट असतो, तो तर याहून वाईट. त्याला आम्ही हात लावला नाही. आदल्या दोन रात्री तेल मारून ठेवलं होतं, पाना लावून वजन टाकलं, बोल्टच्या टोकाला नट लावून हातोडी हाणली. शेवटी डावा बोल्ट करवतीने दोन्हीकडून कापून काढावा लागला आणि लिंकसकट नवा घातला. नव्या बोल्टला नळीत जाणारा भाग ग्रीसने माखून घातला, पुढच्या माणसाचा शिव्याशाप वाचावा म्हणून. उजवा आश्चर्यकारकरीत्या तासाभरात सुटला. गाडीखाली जाताना जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. भाच्याला हे तीनदा सांगितलं.

कापलेली जुनी लिंक हातात आल्यावर तिच्या टोकाचं रबर एका बाजूला पूर्ण चिरलेलं दिसलं. कारण बघण्यासारखं आहे. रबरी बुश सांध्यासारखं मोकळं फिरत नाही, ते नळीला चिकटवलेलं असतं आणि हालचालीबरोबर पिळतं. ज्याने आखूड स्प्रिंगा घातल्या त्याने लिंकचे बोल्ट सैल केलेच नव्हते. त्यामुळे ते रबर मूळ उंचीला "सरळ" आणि नव्या उंचीला कायमचं पिळलेलं, गाडी उभी असतानासुद्धा. वर्षानुवर्षं पिळून शेवटी फाटलं, आणि फाटल्यावर चाक स्वतःच्या मर्जीने टो बदलायला मोकळं. म्हणून गाडी खाली केली की सगळ्या बुशांचे बोल्ट सैल करायचे, चाकांवर गाडीचं पूर्ण वजन येऊ द्यायचं आणि मगच घट्ट करायचे. अर्ध्या तासाचं काम, पण बहुतेक जण गाळतात.

त्यानंतर मशिनवाल्याकडे. क्रम त्याला मीच सांगितला आणि त्याने तोंड वाकडं केलं: आधी मागचा कँबर, मग मागचा टो, मग पुढे. कँबर बदलला की टो थोडा हलतोच, म्हणून टो नंतर. आणि पुढची चाकं मागच्यांच्या थ्रस्टच्या रेषेला धरून लावायची असतात, म्हणून मागची आधी. गाडीत भाच्याएवढं वजन बसवून मोजा म्हटल्यावर भाचाच आत जाऊन बसला.

त्या मशिनच्या कागदावर प्रत्येक आकड्यामागे हिरवा किंवा लाल रंग असतो. हिरवं दिसलं की लोक खूश होऊन निघतात. पण हिरवा पट्टा रुंद असतो. डावं चाक पट्ट्याच्या एका कडेला आणि उजवं दुसऱ्या कडेला असलं तरी कागद हिरवागार आणि गाडी खेकडा. शिवाय तो पट्टा मूळ उंचीच्या गाडीसाठी ठरवलेला. मागायचे ते आकडे: मागच्या दोन्ही चाकांचा टो वेगवेगळा, दोघांतला फरक आणि थ्रस्ट अँगल. आमच्या कागदावर शेवटी मागचा कँबर दोन्हीकडे उणे १.३, टो प्रत्येकी ०.०७ अंश आत, थ्रस्ट जवळपास शून्य. किंचित टो-इन मुद्दाम ठेवला. मागची चाकं बाहेर बघत असतील तर वेगात असताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं बूड सुटायला बघतं. आत बघणारी चाकं तिला सरळ धरतात. कँबर शून्यावर आणायचा मोह झाला होता, मी अडवलं. उणे सव्वा-दीड अंश टायरला त्रास देत नाहीत, टो जागेवर असेल तर.

राहिले टायर. पुढचे अर्धे शिल्लक, मागचे संपलेले. फक्त मागे दोन नवे घातले तर घेराचा घोळ उलट्या बाजूने पुन्हा सुरू. इथे काही दुकानदार नवा टायर तासून जुन्याच्या नक्षीइतका बारीक करून देतात. पैसे देऊन नवाकोरा टायर तासायचा! माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतोय. पण एक टायर पंक्चरने फाटला आणि बाकी तीन चांगले असले, तर हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. आम्ही चारही नवे घेतले आणि पुढे-मागे आलटूनपालटून घालायची तारीख भाच्याच्या फोनवर टाकून ठेवली.

दीड महिन्याने तो परत आला. स्टिअरिंग सरळ होतं. मी नव्या टायरवर हात फिरवला, दोन्ही दिशांना सारखाच लागला. पिवळी रेघ डावीकडे शाबूत, उजवीकडे केसभर सरकलेली. उंची मोजली तर मागची उजवी बाजू तीन मिलिमीटर आणखी बसली होती. दोरी आणि स्टँड भाच्याने स्वतःच गॅरेजमधून बाहेर काढले.